भिंतीपलीकडून आलेली विकेट

29 जून 2024 ची रात्र. बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, शेवटची ओव्हर, आफ्रिकेला 16 रन पाहिजेत, समोर मिलर आणि बॉल हार्दिक पांड्याच्या हातात. आई खुर्चीत, बायको आणि पोरगी कॉटवर, मी खाली सतरंजीवर, पंख्याचा तेवढा आवाज. पांड्या अजून रनअपच्या टोकाला उभा होता आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, शेजारच्यांच्या हॉलमधून, एकदम ओरडा आला. कसलं तरी भांडं पडलं, कुणीतरी "गेला बे गेला" म्हणून किंचाळलं, खाली रोडवर एक सुतळी बॉम्ब फुटला. पोरगी माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, आउट झाला वाटतं." आणि मग आमच्या टीव्हीवर पांड्या पळत यायला लागला.

सूर्यकुमारनं बाऊंड्रीवर घेतलेला तो कॅच, बाहेर जाता जाता बॉल आत उडवला आणि परत आत येऊन पकडला, तो मी त्यानंतर पन्नास वेळा तरी बघितला असेल. पण पहिल्यांदा बघतानाच मला माहीत होतं की तो पकडणार आहे. सिक्स का आउट, सिक्स का आउट, असा जो एक क्षण सगळ्यांच्या घशाशी आला असणार तो आमच्या घरात आलाच नाही. भारत 7 रननं जिंकला, आम्ही नाचलो, खाली जाऊन शेजाऱ्यांच्या गळ्यात पडलो, सातरस्त्यापर्यंत गाडीवरून एक चक्कर पण मारून आलो. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मात्र त्या अर्ध्या मिनिटाचं वाईट वाटायला लागलं आणि अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दादांना विचारलं, तुमच्याकडं काय आहे. केबल, म्हणाले, आपलं जुनंच. आम्ही आदल्या वर्षीच केबल काढून टाकली होती, फायबरचं नेट घेतलं आणि सगळं अ‍ॅपवर बघायला लागलो होतो. चित्र केबलपेक्षा कितीतरी स्वच्छ. फक्त उशिरा.

मला आधी वाटायचं की आमचं नेटच स्लो आहे म्हणून असं होतं, पण नंतर नीट समजून घेतलं तर तसं नाहीये. टॉवरवरून किंवा सॅटेलाईटवरून जे येतं ते एकदाच सोडलं जातं, मग घेणारं एक घर असो नाहीतर एक कोटी, पावसासारखं सगळ्यांच्या छपरावर एकदम पडतं. नेटवर प्रत्येक घराला त्याची त्याची वेगळी कॉपी द्यावी लागते. मैदानावरचं चित्र आलं की आधी त्याच्या चार-पाच प्रती होतात, एक एकदम स्वच्छ, एक मध्यम, एक कमी नेटवाल्यांसाठी धूसर, मग प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जाऊन बसतात आणि आपला टीव्ही तिथून एकेक तुकडा मागून घेतो. मध्येच चित्र अडकू नये म्हणून दोन-चार तुकडे आधी जमवून ठेवतो आणि मग दाखवायला लागतो. मैदानात घडून गेलेली गोष्ट त्या जमवलेल्या तुकड्यांत आपल्या आधीच येऊन बसलेली असते. केबलला पण काही सेकंद उशीर असतोच, पण नेटवर सहज वीस-तीस सेकंद, कधी जास्तच. आणि एकाच अ‍ॅपवर बघणारी दोन घरं पण एका वेळेला असतीलच असं नाही, एकानं मध्ये पाणी प्यायला पॉज केलं असेल तर तो अजूनच मागं.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण आख्ख्या वाड्यात टीव्हीच एक होता.

सोलापूरच्या साखर पेठेतला वाडा, मधल्या चौकाभोवती सात बिऱ्हाडं. मराठी आम्ही आणि अजून एक, तीन तेलुगू, एक कन्नड, आणि रस्त्याकडच्या खोलीत शिलाईकाम करणारे चाचा, त्यांच्या घरात उर्दू. सोलापूरबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला खरं वाटत नाही, पण आमच्या पूर्व भागात हे अगदी साधं आहे. तेलंगणातून विणकर इकडं आले, मागावर बसले, पिढ्यान् पिढ्या इथलेच झाले, घरात तेलुगू, दुकानात मराठी, बाजारात जी समोर येईल ती भाषा. वडील एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहायचे. 1986 च्या दिवाळीला बोनस आणि थोडे उसने पैसे घालून त्यांनी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेतला, लाकडी शटरचा, शटरला कुलूप आणि कुलपाची किल्ली आईच्या मंगळसूत्राला. अँटेना पत्र्यावर. वारा सुटला की मुंग्या यायच्या, मग मी वर चढायचो आणि खालून सहा जण चार भाषांत ओरडून सांगायचे, थोडं इकडं, थोडं तिकडं, हां हां बस्स.

आमच्या शेजारच्या खोलीत अव्वा राहायची. सगळा वाडा तिला अव्वाच म्हणायचा. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं चालूच, हजार विड्या भरल्याशिवाय दिवस संपायचा नाही. टीव्ही लागला की ती सूप घेऊन आमच्या उंबऱ्यापाशी येऊन बसायची, आत यायची नाही कारण तंबाखूचा वास घरात नको म्हणून, आई कितीदा म्हणायची आत या तरी नाही. तिला मराठी बाजारापुरतं यायचं. हिंदी जवळजवळ नाहीच. आणि टीव्हीवर आमच्या वाट्याला यायचं ते जास्त करून हिंदीच.

तर अव्वा मला विचारायची, "एमंटुंडु रा?" म्हणजे काय म्हणतोय रे तो. मी नऊ-दहा वर्षांचा. वाड्यातल्या पोरांबरोबर खेळून खेळून मला तेलुगू कळायची, बोलता अर्धवट यायची. मी सांगायचो. तो म्हणतोय मी लग्न करणार नाही. ती म्हणते तू गेलास तर मी पण जाईन. शब्द नाही सापडला तर हाताने करून दाखवायचो, मग अव्वा बरोबर शब्द सांगायची आणि मी तो धरून ठेवायचो. पडद्यावरची माणसं पुढं निघून गेलेली असायची आणि मी अजून मागच्या वाक्यावर, त्यामुळं मधलं एखादं वाक्य माझंच सुटायचं आणि मी तिथं माझ्या मनानं काहीतरी घालायचो. एकदा मी एका बाईला मरू दिलं नाही, कारण अव्वाचा नवरा नुकताच गेला होता. पुढच्या आठवड्यात ती बाई फोटोत हार घालून आली तेव्हा अव्वा माझ्याकडं बघून नुसती हसली. माझी आज जी काही तेलुगू आहे ती सगळी त्या उंबऱ्यावरची आहे.

रामायणाला मात्र तिला माझी गरज नव्हती. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला, वाड्यातले सगळे, शिवाय समोरच्या गल्लीतले, चपलांचा ढीग दारात. तिथं अव्वा पडद्याच्या पुढं असायची. आता तो सोन्याचं हरीण बघणार, आता ती रेषा ओलांडणार, असं ती तेलुगूत आधीच सांगून मोकळी व्हायची, मग कन्नड काका त्यांच्याकडं ते वेगळं कसं सांगतात ते सांगायचे, आणि चाचा मन लावून ऐकायचे आणि मध्येच एखादा असा प्रश्न विचारायचे की सगळे गप्प बसायचे. लाईट गेली तर भाग गेला. परत बघायची सोय नाही. मग संध्याकाळी कुणीतरी ज्यांच्या पेठेत लाईट होती त्यांच्याकडून ऐकून यायचं आणि चौकात बसून सांगायचं, आणि त्या सांगण्यात लढाई जरा जास्तच मोठी व्हायची.

मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही. त्या सोन्यात काय काय नव्हतं ते मी आईकडून ऐकलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा सत्तरीला टेकलेली. तिला रिमोटवरचं माईकचं बटण दाबून मराठीत बोलायला शिकवलं. पहिल्या दिवशी ती टीव्हीशी अहो-जाहो करत होती, "जरा कीर्तन लावता का", आता नुसतं कीर्तनकारांचं नाव घेते आणि लावते. एका दुपारी बघितलं तर ती एक जुनी मालिका बघत होती, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, नेटवर सगळे भाग आहेत तिचे. मी म्हटलं, अगं ही तर तू तेव्हा रोज बघायचीस की. तर म्हणाली, "बघायची कुठं रे, ऐकायची. रात्री आठला लागायची, आठला मी भाकरी करत असायची. तुमच्या सगळ्यांच्या पाठी दिसायच्या मला आणि आवाज यायचा. ही बाई दिसायला कशी होती ते आत्ता कळालंय."

मला पुढं काही बोलता आलं नाही. आमच्या घरात भाकऱ्या म्हणजे दोन-चार नाही, सहा माणसांच्या, शिवाय कडक भाकरी करून ठेवायच्या त्या वेगळ्या, चुलीजवळची उष्णता, सोलापूरचा मे महिना, आणि आम्ही बाहेर पंख्याखाली मालिका बघत "आई पाणी" म्हणून ओरडायचो. सात ते दहा ही टीव्हीची मुख्य वेळ कुणी ठरवली माहीत नाही, पण ज्या बायकांसाठी त्या मालिका होत्या त्याच बायका त्या वेळेला स्वयंपाकघरात होत्या. आता आई दुपारी दोनला, भांडी झाली की, पाय लांब करून बसते आणि पाहिजे तिथं थांबवते. झोप लागली तर झोपते, उठली की मागं घेते. या एका गोष्टीसाठी मी नेटला कितीही माफ करायला तयार आहे.

अव्वाला पण तिचं मिळालं, पण केबलनं. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा केबलवाल्या पोरानं गच्ची-गच्चीवरून काळ्या वायरी टाकल्या, महिन्याला घरोघर पैसे मागायला यायचा आणि रात्री लोकल चॅनेलवर कुठला पिक्चर लावणार ते पण त्यालाच विचारायचं. कन्नड उदय टीव्ही 1994 ला सुरू झाला आणि जेमिनी आणि ईटीव्ही ही तेलुगू चॅनेलं 1995 ला, आमच्या गल्लीत यायला अजून थोडा वेळ गेला. ज्या दिवशी आमच्या टीव्हीतून पहिल्यांदा तेलुगू आली त्या दिवशी अव्वाची बोटं थांबली. सुपात पान तसंच. ती ऐकत होती. बातम्या होत्या नुसत्या, कुठल्या तरी धरणाच्या. मग तिनं मला बोलावलं, मी तेव्हा कॉलेजात, आणि म्हणाली, हा बघ काय म्हणतोय, आणि मला मराठीत सांगायला लागली. मोडक्या मराठीत धरणाची बातमी. मी हो हो करत ऐकलं. वर्षभरात तिच्या मुलानं त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही घेतला, ते बरोबरच होतं, आणि अव्वा आमच्या उंबऱ्यावर यायची बंद झाली.

तिथूनच खरं तर सुरुवात झाली असं मला वाटतं. लोक सगळा दोष मोबाईलला देतात, पण आधी घरं वेगळी झाली, खोल्या नंतर, आणि कानात इअरफोन त्याच्याही नंतर आला. सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, मग फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक चॅनेलचे वेगळे पैसे, पहिल्या शंभर चॅनेलला 130 रुपये आणि वर टॅक्स, बाकी तुम्ही निवडाल ते. निवडायला बसल्यावर प्रत्येक घरानं काय केलं, आपली भाषा ठेवली आणि बाकीच्या काढल्या. आम्ही पण. वडील गेल्यानंतर आम्ही जुळे सोलापूरकडं फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, यादीवर टिक करताना मी तेलुगू चॅनेलवर थोडा वेळ थांबलो आणि पुढं गेलो. महिन्याला काही रुपयांचाच प्रश्न होता. अव्वाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

मधल्या काळात मोबाईलनं जे केलं ते कारखान्यात जाऊन बघावं. 2016 च्या आधी पेठेत मेमरी कार्डात गाणी आणि पिक्चर भरून देणारी दुकानं होती, कामगार पगार झाला की कार्ड घेऊन रांगेत. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, सुरुवातीला डेटा फुकट, आणि ती दुकानं बघता बघता बंद झाली. लूमवर खटखट एवढी असते की शेजारचा माणूस कानाशी येऊन बोलला तरच ऐकू येतं, तिथं टीव्ही ठेवून उपयोगच नव्हता. आता रात्रपाळीला माग चालवणारा पोरगा कानात इअरफोनचे बोळे घालतो, फोन भिंतीच्या कोनाड्यात उभा करतो, नजर धाग्यावर आणि अधूनमधून फोनवर. टॉवेलच्या मागावर तेलुगू सिनेमा बघणारा आणि त्याच्या शेजारच्या मागावर मराठी किंवा भोजपुरी ऐकणारा, दोघांच्यात दोन हात अंतर.

अव्वाची सून कुंभारीला विडी घरकुलात राहते, तिला मी अक्का म्हणतो. मध्ये गेलो होतो. चार बायका ओट्यावर विड्या वळत बसलेल्या, मध्ये डब्याला टेकवलेला फोन, त्यावर कालच्या मालिकेचा भाग. कुणीच बघत नव्हतं, पान कापताना नजर हलवून चालत नाही, सगळ्या ऐकत होत्या. जाहिरात आली की जिचा हात मोकळा ती करंगळीनं स्किप करणार. मी विचारलं अक्का, घरात टीव्ही आहे की मोठा. म्हणाली, "त्याच्यासमोर बसलं तर काम कसं होणार, आणि एकटीनं काय बघायचं." ओट्यावरच्या चौघींपैकी एक उर्दू बोलणारी होती, मालिका तेलुगू होती. मी लक्ष देऊन बघितलं. अक्का हळू आवाजात तिला सांगत होती. तिथं अर्धा तास बसलो, चहा दोनदा झाला, उठवेना.

आणि पैसा कुठं चाललाय ते पण दिसतंय. 2022 च्या जूनमध्ये आयपीएलचे पुढच्या पाच वर्षांचे हक्क विकले, टीव्हीचे वेगळे आणि नेटचे वेगळे, टीव्हीचे 23,575 कोटींना गेले आणि भारतातले नेटचे 23,758 कोटींना. नेट टीव्हीच्या पुढं गेलं. त्यानंतर 2023 ला मॅच फोनवर फुकट दाखवली तेव्हा आमच्या ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या टेबलाखाली फोन. एकाच मॅचमध्ये दोन फोनवर दोन वेगळ्या जाहिराती येऊ शकतात हे पण मला तेव्हाच कळालं, एकाला ट्रॅक्टर आणि दुसऱ्याला म्युच्युअल फंड. पूर्वी एकच जाहिरात सगळ्या पोरांना पाठ असायची आणि चौकात एकानं पहिली ओळ म्हटली की दुसरा पुढची म्हणायचा. माझ्या पोरीला मी विचारलं, तुमच्या वर्गात सगळ्यांनी बघितलंय असं काय आहे. तिनं खूप विचार केला. "सगळ्यांनी असं नाही पप्पा," म्हणाली, "आमच्या ग्रुपमधल्या तिघींनी."

लॉकडाऊनमध्ये 28 मार्च 2020 पासून दूरदर्शननं रामायण परत लावलं, तेव्हा मी फार उत्साहानं सगळ्यांना बसवलं होतं. पोरगी नऊ-दहा वर्षांची, मी होतो तेवढीच. बाण हवेत गेला की दोन मिनिटं हवेतच, ती म्हणाली पुढं ढकला की. म्हटलं, हे पुढं ढकलता येत नाही, लाईव्ह आहे. तिला ते पटेना, टीव्ही बिघडलाय असं वाटलं तिला. मग आई सुरू झाली, आता तो वर बघणार, आता दोन्ही बाण एकमेकाला लागणार, आणि पोरगी हळूहळू टीव्ही सोडून आजीकडं सरकली. मी मागं बसून बघत होतो आणि तोंडातून नकळत "वच्चिंडु" निघालं. आला. हनुमान आला होता पडद्यावर. बायकोनं विचारलं काय म्हणालात, मी म्हटलं काही नाही.

आता ही पोरगी आठवी झाली आणि कोरियन मालिका बघते. इअरफोन लावून, अंगावर पांघरूण घेऊन, एकटी. रात्री पाण्याला उठलो तर तिच्या तोंडावर निळा उजेड. यावरून आमची दोन-तीनदा चांगली भांडणं झाली आणि मी त्यात चुकलोय असं मला अजून वाटत नाही, वाढत्या वयाच्या पोरीनं रात्री एक वाजेपर्यंत जागायचं म्हणजे काय. एक भाग संपायच्या आत पुढचा दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो, उठायला मोठ्यांना जमत नाही तिथं तिला काय जमणार. पूर्वी भाग संपला की संपायचा, बातम्या लागायच्या आणि माणसं उठायची.

गेल्या दिवाळीच्या आधी तिच्या फोनची स्क्रीन फुटली. दुरुस्तीला पाच दिवस. मग तिनं ती मालिका हॉलमधल्या टीव्हीवर लावली, आवाज कमी करून. आई शेजारी वाती वळत बसलेली. मी आत पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं आईचा आवाज आला, "काय म्हणतोय गं तो?" पोरगी आधी नुसतं हं म्हणाली. परत, "रडायला काय झालं तिला?" आणि मग पोरगी सांगायला लागली. खाली इंग्रजीत येतं ते वाचून मराठीत. मध्येच अडखळून, एखादा शब्द कोरियनच ठेवून, आई तो शब्द तिच्या पद्धतीनं वाकडा म्हणायची आणि पोरगी हसून दुरुस्त करायची. मी पेपर खाली ठेवला आणि बाहेर गेलो नाही. बाहेर गेलो असतो तर ती थांबली असती. दाराच्या आडून ऐकत राहिलो, पोरगी एका ठिकाणी थबकली, मागं घेतलं, परत वाचलं आणि काहीतरी बदलून सांगितलं. काय बदललं ते मी तिला विचारलं नाही.

पाच दिवसांनी फोन दुरुस्त होऊन आला. आता बहुतेक वेळा ती आतच असते, पण त्या मालिकेचे उरलेले भाग दोघींनी मिळून टीव्हीवरच संपवले, आई संध्याकाळचा दिवा लावायची आणि मग हाक मारायची, "चल गं, तुझी ती माणसं लाव."

या जानेवारीतलं सांगतो आणि थांबतो. गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची. माझी बहीण पुण्याला असते, सोलापूरची निम्मी पोरं पुण्यालाच असतात आता. लहानपणी वडील तिला खांद्यावर घेऊन नंदीध्वज, त्या यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, दाखवायचे. हल्ली तिला सुट्टी मिळत नाही, ती मिरवणूक मोबाईलवर लाईव्ह बघते. 2021 च्या जानेवारीत गर्दीवर बंधनं होती तेव्हा तर आम्ही इथं राहून पण यात्रा मोबाईलवरच बघितली होती. यावर्षी मी संमती कट्ट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला उभा होतो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलग्या, आणि तिचा फोन आला. म्हणाली, मी लाईव्ह लावलंय, तू पण बोलत राहा, मला आवाज तिथला ऐकू दे.

सातही नंदीध्वज एकामागून एक आले. पहिला माझ्या समोर आला तेव्हा गर्दीतून "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर उठला, अंगावर काटा येतोच दरवर्षी, मी फोनमध्ये ओरडलो, "आला बघ, आला." ती म्हणाली, "नाही रे, इथं अजून रस्ता मोकळाच दिसतोय." गजर तिला माझ्या फोनमधून आधी ऐकू आला होता आणि चित्र अजून वाटेत होतं. नंदीध्वज माझ्यासमोरून पुढं गेला, खांद्यावर तोलणारी माणसं पुढं गेली, मागचे लोक मला ढकलायला लागले, पुढं चला की ओ. मी विजेच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो. फोन कानाला. पलीकडं ती गप्प होती, मी पण गप्प.

"आला," ती म्हणाली. "आत्ता आला."